खरवडलेलं जुनं डांबर कोल्ड मिक्समध्ये, म्हणजे गरम न करता कालवलेल्या डांबरी मालात, चालतं का?

चालतं, पण ढेकळं फोडून, चाळून. सोलापुरात होटगी रोडजवळच्या तुमच्या गल्लीत पडलेला खरवडलेल्या डांबराचा ढीग तसाच पसरू नका. त्यातलं जुनं डांबर कडक झालेलं असतं. गरम न करता ते फारसं चिकटत नाही, जवळपास खडीसारखंच वागतं. म्हणून इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) लागतंच, सोबत साधारण १ टक्का सिमेंट. कालवलेला तपकिरी माल काळा पडू लागला की लगेच रोलर फिरवा. मग पाणी उडायला काही दिवस द्या. आपल्या एप्रिलच्या चाळिशीपार उन्हात ते पटकन उडतं, पावसाळ्यात मात्र नादी लागू नका. वर हॉटमिक्सचा (गरम डांबरी मालाचा) थर हवाच, नाहीतर खडी सुटते. जुनं डांबर पुन्हा वापरायची रीत इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १२०-२०१५ या मार्गदर्शिकेत आहे, ठेकेदाराला ती दाखवा. आणि खाली काळी माती असेल तर आधी मुरूम!