कालची यादी, आजची यादी

प्रश्न : सर, मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर बघतो. कालच्या आणि आजच्या यादीत ५-५ हजार लॉट आहेत, नवीन कुठले आले, गेले कुठले, वजन कुणाचं बदललं ते काढायचंय. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फिल्टरच्या आत एनीमॅच लावलंय, म्हणजे एका यादीतला प्रत्येक लॉट दुसऱ्या यादीत शोधतोय, पण लय स्लो चालतंय, वर सारखेच लॉटपण वेगळे दाखवतंय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, एकेका लॉटसाठी अख्खी यादी चाळताय, म्हणजे वाईटात वाईट अडीच कोटी तुलना! दिवाणजी कसं लॉट नंबर बघून थेट ते पान उघडतात, तसंच करा, जावातल्या टूमॅपने आजच्या यादीचा मॅप, म्हणजे नंबरावरून थेट लॉट देणारी वही, बनवा, शोधायची खूण (key) म्हणून लॉट नंबर, मग कालच्या यादीवर एकदाच फिरा, मॅपमध्ये नाही सापडला तर गेला, सापडला पण वजन वेगळं तर बदलला. नवीन आलेल्यांसाठी हेच उलटं. तोच नंबर दोनदा असेल तर टूमॅप एक्सेप्शन (चुकीचा इशारा) देऊन थांबतं, ते दाबू नका, यादीतली खरी चूक तिथंच सापडते.

आता सारखे लॉट वेगळे का दिसतात, तर लॉटच्या क्लासमध्ये इक्वल्स, म्हणजे दोन लॉट सारखे कधी मानायचे ते सांगणारी मेथड, लिहिलेलं नसणार, मग जावा फक्त मेमरीतला ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघते. इक्वल्ससोबत हॅशकोड, म्हणजे वस्तू कुठल्या कप्प्यात शोधायची तो आकडा देणारी मेथड, तीपण लिहायलाच हवी, नाहीतर हॅशसेटमध्ये (असे कप्पे वापरणाऱ्या संचात) असलेली वस्तूही सापडत नाही. जावा १६ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर क्लासऐवजी सरळ रेकॉर्ड वापरा, दोन्ही आपोआप मिळतात. आणि वजन डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवू नका हो, ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवा, डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही.