सुट्टीत शाळेचं जेवण बंद, मग पोरांनी काय करायचं?

मे महिना तोंडावर आला की आमच्या पेटीत निम्मी पत्रं मुलांच्या सुट्टीचीच असतात. त्यातली तीन घेतली आहेत, नावं गाळून.

प्रश्न : माझी नणंद इंग्लंडात स्विंडनला असते, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली. तिची मुलं ईस्टरला आणि ऑगस्टात कुठल्यातरी क्लबात जातात, खेळतात, तिथंच गरम गरम जेवतात आणि ती म्हणते एक पैसा लागत नाही. मला तर थापा वाटल्या. हे खरं आहे का, आणि असलं काही आपल्या गोव्यात का नाही? माझी धाकटी दुसरीत आहे, शाळा असते तेव्हा शाळेत जेवते, मे महिन्यात मी कामावर गेले की तिची दुपार बिस्किटांवर. (एक आई, डिचोली तालुका)

उत्तर : नणंद थापा मारत नाहीये हो. इंग्लंडच्या शिक्षण खात्याची ही योजना आहे, हॉलिडे ऍक्टिव्हिटीज अँड फूड असं लांबलचक नाव, तिकडे सगळे 'हाफ' म्हणतात. २०१८ पासून थोड्या भागांत करून बघितली आणि २०२१ मध्ये सगळ्या इंग्लंडभर नेली. मधल्या काळात मार्कस रॅशफर्ड हा फुटबॉलवाला सरकारच्या मागे लागला होता, लॉकडाऊनचं वर्ष, २०२०, सुट्टीतही गरीब मुलांना जेवण द्या म्हणून, आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. हाफचा हिशेब साधारण असा की ईस्टरला एक आठवडा, ख्रिसमसला एक आणि उन्हाळ्यात चार, दिवसाला चार तास, त्यात खेळ, काहीतरी शिकणं आणि पोटभर जेवण. पैसे वरून येतात, कुठला क्लब, कुठली शाळा, कुठला चर्चचा हॉल हे तिथली काउन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी, ठरवते. पण फुकट सगळ्यांना नाही हं, सरकारी मदतीवर असलेल्या आणि त्यामुळे शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या घरातल्या मुलांसाठीच मुख्यतः आहे. म्हणजे नणंदेची मुलं त्यात बसतात, त्यावरून तिला टोमणा मारू नका, तिकडचं भाडं भरून हातात काय उरतं ते तिलाच ठाऊक.

आता आपल्याकडचं. शाळेत जेवण मिळतं ते उपकार नाही, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलेला हक्क आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत. पण त्याच वाक्यात पुढे "शाळेच्या सुट्ट्या सोडून" असं आहे, आणि तिथंच घोडं अडतं. पहिलीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं हे सरकारने ठरवलेलं आहे, पण मे महिन्यात त्याच मुलाला त्याची गरज नसते असं समजायचं की काय? गंमत बघा, अंगणवाडीला वर्षातले ३०० दिवस आहार द्यायचा नियम आहे, म्हणजे घरात चार वर्षांचा भाऊ असला तर तो अंगणवाडीत जेवणार आणि सात वर्षांची बहीण घरी बिस्किटं खाणार. बरं, सुट्टीत जेवण ही कल्पना काय फक्त विलायतेचीच नाही, सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेचं जेवण चालू ठेवा असं सांगितलेलं आहे. गोवा त्यात येत नाही एवढंच.

बाल भवन, रवींद्र भवन वगैरे ठिकाणी नाटक, चित्रकला, तबला असं पुष्कळ असतं आणि चांगलं असतं, पण त्यांचा भर कलेवर, दुपारच्या ताटावर नाही, आणि आई सात वाजता कामावर निघाली की मुलीला तिथं सोडणार कोण हा प्रश्न उरतोच. त्यामुळे या मे महिन्यापुरतं सांगते, वाड्यावर तुमच्यासारख्या आणखी तीन-चार आया असतीलच, त्यांना गाठा, सगळ्यांनी मिळून घरी असलेल्या एखाद्या आजीला महिन्याचे थोडे पैसे द्या आणि मुलं तिच्याकडे ठेवा, तांदूळ-कडधान्य प्रत्येकीने आपलं पोचवायचं. सकाळची पेज आणि अळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची रसभाजी, असलं तरी बिस्किटांपेक्षा शंभर पटीने बरं. फक्त सात वर्षांच्या मुलीला एकटीला गॅस पेटवायला लावू नका.

प्रश्न : आमचा सेल्फ हेल्प ग्रुप शाळेचं जेवण करतो. गेल्या मे महिन्यात मंडळाच्या हॉलात आम्ही मुलांसाठी शिबिर घेतलं, फुकट, जेवणासकट. पंचायतीच्या बोर्डावर नोटीस लावली, व्हॉट्सऍपवर टाकली. आली ती मास्तरांची, बँकवाल्यांची मुलं. इंडस्ट्रियल इस्टेटकडच्या खोल्यांतली, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती दोन-तीनच. यंदा करावं की सोडून द्यावं? (सत्तरी)

उत्तर : सोडू अजिबात नका. वर ज्या योजनेबद्दल लिहिलं तिथंही हेच दुखणं आहे, २०२१ च्या उन्हाळ्यात सहा लाखांवर मुलं आली, आणि त्या वर्षी मोफत जेवणाला पात्र असलेली मुलं होती सतरा लाखांवर. तिथं वेबसाईट आहे, नाव नोंदवायला कोड आहे, सरकारचा पैसा आहे, तरी ही गत. फुकट ठेवलं म्हणजे गरजू येतात असं नसतंच मुळी.

तुमच्या पत्रातच मला दोन-तीन कारणं दिसतात. नोटीस मराठीत असणार, खोल्यांत बोलतात कन्नड नाहीतर हिंदी, आणि पंचायतीच्या ग्रुपवर त्यांना घेतलेलंच नसतं. म्हणून कागद लावायचा सोडा आणि संध्याकाळी सात-साडेसातला, माणसं शिफ्टवरून आली की, खोल्यांवर स्वतः जा, बरोबर शाळेतली एखादी त्यांच्याच भाषेची मुलगी घ्या. शाळेच्या जेवणाला तुम्ही रोज वाढता तेव्हा ती मुलं तुम्हाला तोंडाने ओळखतात, मास्तरांपेक्षा तुमचं बोलणं त्यांच्या आईला जास्त पटेल. दुसरं म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुली येत नाहीत कारण कडेवर धाकटं असतं. तिला सांगा, घेऊन ये, एका कोपऱ्यात चटई टाका आणि एक बाई तिथं बसवा, बघा किती फरक पडतो ते. आणि कसला फॉर्म ठेवला होता का? रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला असलं काही मागितलं की माणूस फिरकत नाही, मुलाचं नाव आणि आईबापाचा फोन एवढं पुरे, हां, काही खाल्लेलं सोसत नाही का ते मात्र विचारून ठेवा.

"गरिबांसाठी" हा शब्द चुकून सुद्धा कुठं येऊ देऊ नका. मास्तरांच्या मुलालाही तेच ताट, त्याच पंगतीत, कुणाचं काय कुणाला कळायला नको. मास्तर-बँकवाल्यांची मुलं आली हे तर उलट बरंच झालं, त्यांच्या आईवडलांकडून वर्गणी घ्या ना!

तारखांचं पण बघा. कर्नाटकातली बरीच घरं शाळा सुटली की गावी जातात, मग मे महिन्यात येणार कोण? दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस करून बघा, त्या वेळी कंपन्या चालू असतात आणि मुलं खोलीत कोंडलेली असतात. मे महिन्यात करायचंच तर साडेआठ ते साडेबारा, उन्हाच्या आधी घरी. नदीवर नाहीतर तळ्यावर न्यायचा मोह टाळा, दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. चित्रकलेची स्पर्धा लावलीत तर रंग सुद्धा तुम्हीच द्या, घरून आणा म्हटलं की निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी गायब.

आणि तुमचं स्वतःचं. तुम्हाला पैसे मिळतात ते ताटावर, शाळा बंद म्हणजे तुमची कमाई पण बंद, त्यात वर फुकट राबायचं हे काय बरोबर नाही. मे महिन्यातल्या शिबिरासाठी जानेवारीच्या ग्रामसभेत विषय काढा, एप्रिलच्या सभेपर्यंत थांबलात तर उशीर होतो, आणि ठरावात जेवणाबरोबर स्वयंपाक करणाऱ्यांचा मेहनताना असं स्पष्ट लिहून घ्या. शाळेची खोली हवी तर मुख्याध्यापकांमार्फत भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, तोही वेळेत.

प्रश्न : मुलगा आठवीत. एप्रिलात शाळा, मे महिन्यात मोबाईल. शिबिराचं नाव काढलं की "ते बारक्यांचं" म्हणतो. (फोंडा)

उत्तर : त्याचं बरोबरच आहे. २०२५ पासून गोव्यात सहावीपासून पुढच्यांची शाळा एप्रिलातच सुरू व्हायला लागली, त्याच्या वाट्याला उरला एक मे महिना आणि त्यात आपण त्याला आठ वर्षांच्या मुलांबरोबर कागदाच्या होड्या करायला बसवणार. इंग्लंडातल्या क्लबांतही येणारी जास्त मुलं प्राथमिकचीच असतात, मोठ्यांना आणणं तिथंही कठीणच. त्याला शिबिरार्थी नका करू, मदतनीस करा, फुटबॉलची टीम पाडणं, शिट्टी मारणं, पंगतीत वाढणं. शेवटी खाताना तो मोठ्यांबरोबर बसेल आणि दोन ताटं जास्त खाईल, तेवढी तयारी ठेवायला सांगा स्वयंपाकवाल्यांना. ट्यूशनला मात्र मे महिन्यात घालू नका.