बाईंना विचारा : दुसरी संधी कुणाला मिळते?

बाई, नमस्कार. मी निपाणीजवळच्या खेड्यातली. दहावी मराठी माध्यमातून केली, ६२५ पैकी ५६१ गुण पडले, शाळेत पहिली आले. पंचायतीने सत्कारही केला. मग निपाणीला पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेतलं आणि यंदा सेकंड पीयूसीत फिजिक्समध्ये गेले. माझ्या शेजारी बसणारी एका डॉक्टरांची मुलगी दहावीला माझ्यामागे होती. ती पास झाली. नीटमध्ये तिलाही जमलं नाही, पण घरचे तिला वर्षभर क्लासला बाहेरगावी पाठवणार आहेत. माझी आई विड्या वळते, बाबा तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. मामा म्हणतो, ‘आपल्या लायकीचं नव्हतं ते, उगाच नादाला लागलीस.’ माझ्यातच काही कमी आहे का? आता काय करू?
— एक विद्यार्थिनी, ता. निपाणी

आधी कामाचं सांगते, मामाकडे नंतर वळू.

कर्नाटकात २०२४ पासून सेकंड पीयूसीची परीक्षा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते. परीक्षा-१ला गेलीस, तर परीक्षा-२ आहे, आणि ज्यात गुण जास्त ते धरतात. निकालानंतर फॉर्म भरायला फार थोडे दिवस मिळतात. उद्याच कॉलेजात जा, क्लार्कला गाठ आणि तारीख वहीत लिहून घे. व्हॉट्सअ‍ॅपवर येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. सायन्समधून मन उठलंच असेल, तर दहावीच्या गुणांवर डिप्लोमाला अर्ज करता येतो. ५६१ गुणांवर सरकारी पॉलिटेक्निकला अडचण येऊ नये. डिप्लोमा झाला की डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का बघ. असेल तर केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती विडी कामगारांच्या मुलांना मिळते, पहिलीपासून थेट इंजिनिअरिंग-मेडिकलपर्यंत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा. निपाणीत घरोघरी विड्या वळल्या जातात, पण ही शिष्यवृत्ती ठाऊक असलेली घरं मला फार थोडी भेटली.

आता ‘माझ्यात कमी आहे का’ याकडे येते. तू आणि ती एकाच बाकावर बसलात, म्हणून तुला वाटतं की दोघी एकाच जागेवरून निघालात. तसं नव्हतं. तिने इंग्रजी एलकेजीपासून ऐकलं. तू दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलीस आणि पीयूसीच्या पहिल्याच आठवड्यात सगळं फिजिक्स इंग्रजीतून सुरू झालं. गणिताची उदाहरणं तुला येत असणार, प्रश्नच कळला नसणार. मी हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवलं. दहावीला पहिल्या आलेल्या आमच्या पोरी पीयूसीला गेल्या, की दिवाळीपर्यंत त्यांच्या तोंडावरचं तेज उतरलेलं दिसायचं. हुशारी कुठे जाते? ती तिथेच असते.

दुसरं असं, की पहिल्या घटक चाचणीत तीही अडकली असेल, पण तिच्या घरी ते त्याच संध्याकाळी कळलं आणि पुढच्या सोमवारपासून ट्यूशन लागली. तू अडकलीस ते घरात कुणाला कळलं? निकाल लागल्यावर. डॉक्टरांच्या घरात पैसा असतो हे तर उघडच आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुठे काय बिघडतंय हे ओळखणारं आणि कुणाला फोन करायचा हे जाणणारं माणूस घरात असतं. पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हटलंय. आपल्याकडे कुणाची कुठवर ओळख आहे, हे आधी विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि तुझे तास कुठे गेले? निपाणी भागात होते तेव्हा विद्यार्थिनींच्या घरी जायची. आई सूप मांडीवर घेऊन बसलेली. भिजवलेलं पान पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तोंड दाबून बंद करायचं काम पोरींकडे, कारण त्यांची बोटं बारीक. पुस्तक सुपाच्या कडेला टेकवून वाचणारी मुलगी मी एका नाही, कितीतरी घरांत पाहिली. मजुरी हजार विड्यांवर, त्यात माल द्यायला गेलं की छाट. नाकारलेल्या विड्यांचं पान आणि श्रम दोन्ही गेले, म्हणून हजार भरायला आई जास्तीच्या वळते, आणि त्या जास्तीच्या बहुधा तुझ्या अभ्यासाच्या वेळात वळल्या जातात. डॉक्टरांच्या मुलीचा तास कशातूनही वजा होत नाही.

यंदा दोघी एकेका परीक्षेत अडखळल्या आहात. तिला एक वर्ष, एक खोली आणि क्लासची फी मिळतेय. तुला मामाचं भाषण मिळतंय. गरिबीचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो, की चूक परवडत नाही. एकदा पाय घसरला की घरातलं कुणीतरी म्हणतं, आता पुरे.

बाबासाहेब आंबेडकरांचंच उदाहरण घे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ला अमेरिकेला गेले, तिथून लंडनला. १९१७ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. त्यांच्या बुद्धीत काही कमी होतं का? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२०ला ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ला डी.एस्सी. झाले. त्या तीन वर्षांत ‘लायकीचं नव्हतं’ म्हणणारे भेटले नसतील असं कसं म्हणावं? १९२५ला तुझ्या निपाणीतच मुंबई प्रांतातल्या बहिष्कृतांची परिषद भरली होती, त्याला बाबासाहेब आले होते. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, १९०२ला नोकऱ्यांत मागास समाजांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१७ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खेड्यातल्या पोराला राहायला खोली आणि जेवायला ताट लागतं, नुसती शाळा पुरत नाही, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

जाता जाता एक सांगते, संपादकांना ते आवडणार नाही कदाचित. १९५६पासून आपण सीमाभागातले मराठी लोक भाषेसाठी भांडतोय. भांडायलाच हवं. पण १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत पुढे चालणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत? मराठी शाळा टिकवायचं काम आता विडीवाल्यांच्या, गवंड्यांच्या, भांडीवालीच्या मुलांवर येऊन पडलंय, आणि त्याची किंमतही तीच मुलं मोजतात. सीईटीत कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना ५ टक्के जागा राखीव आहेत, मराठी माध्यमाला तसं काही नाही. तुला मात्र ग्रामीण कोट्याचा विचार करता येईल. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या खेड्यात शिकलेल्यांना १५ टक्के जागा असतात. शाळेचा दाखला बीईओंच्या, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने लागतो. तो आताच काढून ठेव.

मामाला हे सगळं वाचून दाखव. तो वाईट नाही. त्याने स्वतः कधी दुसरी परीक्षा दिली नसेल, म्हणून त्याला ती दिसत नाही.

बाई, तुमच्या सदरात दर वेळी गरिबी, अन्याय वगैरे असतं. माझे वडील खानापूरकडून बेळगावला आले, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर हेल्पर होते. मी सातवी पास. काका सोसायटीत जामीन राहिले, कर्ज काढून शेड घेतली, आज माझ्याकडे सोळा माणसं कामाला आहेत. मुलगा सीईटीत मागे पडला तर मॅनेजमेंटच्या सीटवर इंजिनिअरिंगला घातला. कष्ट केले तर कुणीही वर येतं. बाकी सगळी रडगाणी आहेत. पटतंय का?
— एक उद्योजक, बेळगाव

अर्धं पटतंय. सातवी पास माणसाने सोळा घरं चालवणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि तुमच्या पत्रातला ताठा मला आवडला.

पण तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा वाचा. काका जामीन राहिले असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या शेजारच्या लेथवर तितकाच राबणारा, पण सोसायटीत खातं असलेला काका नसलेला माणूस असेल ना? तो आज कुठे आहे? बहुधा तुमच्याकडेच किंवा तुमच्यासारख्याच कुणाकडे पगारावर. आणि तुमच्या वडिलांच्या काळी हेल्पर शेजारी उभा राहून बघत बघत टर्नर व्हायचा. आता संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आयटीआयचा कागद नसलेल्याला तुम्ही तरी हात लावू देता का? दार तेच असलं, तरी त्याची उंची बदललीय. मुलाच्या सीटबद्दल मी काही बोलत नाही, बापाने करावं तेच तुम्ही केलंत. एवढंच म्हणते, की तोही परीक्षेत मागेच पडला होता.

ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१८ला हिशोब मांडला होता, की तळाच्या उत्पन्नातल्या कुटुंबाला देशाच्या सरासरीपर्यंत पोचायला किती पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन, भारतात सात. डेन्मार्कची माणसं आपल्यापेक्षा साडेतीन पट कष्टाळू आहेत असं तुम्हाला वाटत नसावं.

तुम्हाला एक काम सांगते, रागावू नका. अप्रेंटिस कायद्यात तीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला शिकाऊ घेणं सक्तीचं नाही, पण घेता येतात, आणि केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. आयटीआयच्या दोन मुली घ्या. मुली म्हटलं की उद्यमबागेत ‘टॉयलेटची सोय नाही’ हे पहिलं कारण पुढे येतं, तर आधी ते बांधा.

बाई, मी खानापुरात धुणंभांडी करते. माझी बहीण चंदगडला दिलीय. तिच्या पोराला आरटीईतून इंग्रजी शाळेत फुकट प्रवेश मिळाला. माझ्या पोराला इथे नाही म्हणतात. आम्ही दोघी बहिणी सारख्याच गरीब, मग असं कसं?
— एक आई, खानापूर

अक्का, आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा एकच आहे, २००९चा. खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना द्याव्या, असं त्यात आहे. पण कर्नाटकाने २०१९ला नियम बदलला. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ते बंधन नाही. कोर्टानेही ते मान्य केलं. खानापुरात सरकारी शाळा आहेच, म्हणून तुम्हाला नाही म्हणतात. पलीकडे महाराष्ट्राने २०२४ला तसाच नियम आणला, तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणून बहिणीचं पोर आत आणि तुमचं बाहेर.

भांडून आत्ता उपयोग नाही. काही सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झालेत, जवळ कुठे आहे ते बीईओ ऑफिसात विचारा. पोरगा पाचवीत गेला की मोरारजी देसाई निवासी शाळेची प्रवेश परीक्षा द्या. सहावीपासून राहणं-जेवण-शिक्षण फुकट असतं. त्यासाठी कन्नड बरं हवं, ते आतापासून शिकू दे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तिथे रांग असते आणि तुमचा एका घरचा खाडा पडतो.