टीनेज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' क्लासिक का मानतात? मला तर गाणी साधीच वाटली

तुम्ही लिहिलंय की दोनदा ऐकूनही या अल्बममध्ये विशेष काही सापडलं नाही, आणि 1991 साली अमेरिकेच्या 'स्पिन' या संगीत मासिकाने निर्वाना या रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड'ला मागे ठेवून याला वर्षातला पहिला क्रमांक का दिला तेही कळलं नाही. गाणी साधीच आहेत, तुम्हाला बरोबर ऐकू आलंय. मला हा अल्बम इतका प्रिय आहे तो याच साधेपणामुळे, कारण तो फार मेहनतीने आणि नेमक्या जागी आणलेला आहे.

टीनेज फॅनक्लब हा बँड स्कॉटलंडचा, ग्लासगो आणि जवळच्या बेल्सहिलच्या आसपासचा. नॉर्मन ब्लेक, जेरार्ड लव्ह आणि रेमंड मॅगिन्ली हे तिघं गाणी लिहायचे आणि गायचे; ड्रमवर ब्रेंडन ओहेअर. 1990 चा पहिला अल्बम 'अ कॅथलिक एज्युकेशन' गढूळ आहे, चांगल्या चाली गिटारच्या गोंगाटाखाली दबून गेल्यात. 'बँडवॅगनेस्क' लिव्हरपूलला रेकॉर्ड झाला, अमेरिकन निर्माता डॉन फ्लेमिंगबरोबर. या पोरांना एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून गाता येतं हे त्याने हेरलं आणि त्यावरच भर द्यायला लावला. त्या वेळी असं करणारे बँड कमीच होते. त्यांच्याच क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीने त्याच 1991 च्या नोव्हेंबरमध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 'लव्हलेस' काढला, तो शेजारी ठेवून ऐका. तिथे गळा गिटारमध्ये विरघळून गेलाय. इथे गिटार तितकीच खरखरीत आहे, पण तिच्यावर दोन-तीन गळे स्वच्छ तरंगतात. खालचा आवाज राकट, वरचा कोमल. दोघांपैकी कुणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही.

पहिलं गाणं 'द कन्सेप्ट' घ्या, कारण सगळा अल्बम त्यात आहे. सुरुवातीला गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधून येणारी लांबट शीळ, घोंगावतो आणि त्यातून ऐसपैस कॉर्ड उघडतात. शब्द अगदी रोजचे: एक मुलगी, तिचे डेनिमचे कपडे, स्टेटस क्वो या ब्रिटिश रॉक बँडच्या रेकॉर्ड विकत घ्यायचा तिचा बेत. तिच्याबद्दल फारसं काही सांगतच नाहीत. मग कोरसमध्ये अचानक कबुली येते की तुला दुखवायचं नव्हतं. काय घडलं, कुणी दुखवलं, काही खुलासा नाही, पण त्या एका ओळीने आधीचे हलकेफुलके तपशील जड होतात. सहा मिनिटांच्या या गाण्यात अर्ध्यावर सगळं थांबल्यासारखं होतं, लय मंदावते आणि उरलेल्या वेळात शब्दच नाहीत, नुसते गळ्यातले 'आ'कार आणि त्यांच्यावर लांबत जाणारी गिटार. जे बोलता आलं नाही ते तिथे गायलं जातं. मला पॉपमधल्या फार थोड्या जागा इतक्या भरून पावल्यासारख्या वाटतात.

याच्या उलट 'व्हॉट यू डू टू मी'. दोन मिनिटांचं गाणं, जवळजवळ एकच कडवं पुन्हा पुन्हा. कागदावर वाचलं तर काहीच नाही. पण दर फेरीला तेच शब्द जास्त अगतिक होत जातात, आणि कंटाळा यायच्या आत गाणं संपतं. ब्लेकचंच 'अल्कोहॉलिडे' जरा सावकाश पोचतं. प्रेमात असूनही पुढचं काही ठरत नसलेल्या माणसाचं इतकं प्रामाणिक गाणं मी क्वचित ऐकलंय. लव्हची गाणी वेगळ्या घडणीची, जास्त हळवी: 'डिसेंबर', 'गाइडिंग स्टार', आणि रास-नशीब मानणाऱ्यांना खांदे उडवून उत्तर देणारं 'स्टार साइन'. 'सेटन' हा मधला गोंगाट मी सोडून देतो. शेवटचं 'इज धिस म्युझिक?' तर शब्दांविनाच आहे, नुसती गिटारची धून.

यांच्यावर तेव्हापासून एक आरोप आहे, की हे सगळं बिग स्टारकडून उचललं. बिग स्टार हा मेम्फिसचा बँड, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. समीक्षकांनी नावाजला, पण वितरण फसल्यामुळे रेकॉर्ड दुकानांत नीट पोचल्याच नाहीत. प्रभाव उघड आहे आणि यांनी तो कधी लपवला नाही. पुढच्या अल्बमचं 'थर्टीन' हे नावसुद्धा बिग स्टारच्या एका गाण्याचं. मला हा आरोप पटत नाही. बिग स्टारच्या गाण्यांत एक कडा कोसळायच्या बेतात असतो. इथे दुःख आहे, पण सोबतीला मित्र आहेत, आणि ते एकत्र गाताना ऐकू येतात. ती ऊब यांची स्वतःची आहे. शिवाय कितीतरी लोक बिग स्टारपर्यंत या अल्बमवरूनच पोचले, मीही त्यातलाच.

गाजलेपण फार टिकलं नाही. 1992 च्या फेब्रुवारीत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर वाजवलं, त्याच वर्षी युरोपात निर्वानाच्या आधी मंचावर आले, पण लाखोंच्या घरातले स्टार झाले नाहीत. मला वाटतं त्यामुळेच पुढची गाणी वाचली: त्यांना 1991 ची नक्कल करत बसावं लागलं नाही.

तुम्हाला गाणी का भिडली नसावीत, याचा माझा एक अंदाज आहे. भावगीतं ऐकत वाढलेला आपला कान गायकाचा गळा सगळ्यांच्या पुढे शोधतो आणि शब्दांकडे आधी जातो. इथे गळा गिटारच्या बरोबरीने, कधी थोडा मागे उभा असतो, आणि शब्द मुद्दाम थोडे आहेत. तेव्हा हेडफोन लावा, शब्द सोडा, आणि मुख्य आवाजाच्या वर दुसरा आवाज कुठे येऊन मिळतो तेवढंच ऐका. 'द कन्सेप्ट'च्या दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

तरीही गिटारची खरखर आड आली, तर डेथ कॅब फॉर क्यूटी या अमेरिकन बँडच्या बेन गिबर्डने 2017 साली हा अख्खा अल्बम पुन्हा स्वतः गाऊन काढलाय, तो आधी ऐका. आणि या बँडची जास्त घोटीव गाणी हवी असतील, तर 1995 चा 'ग्रां प्री' घ्या. गाणं म्हणून गाणं बघितलं तर तो कदाचित सरस आहे. मी मात्र अजून आधी 'बँडवॅगनेस्क'च लावतो.