मनाचे प्रश्न : गोळी सुरू झाली, गुण का येत नाही?

प्रश्न : नैराश्यासाठी सकाळी 10 मिलिग्रॅम एसिटॅलोप्रॅम आणि रात्री क्लोनाझेपाम सुरू होऊन आठ दिवस झाले. मळमळतं, फरक काहीच नाही. सासूबाई म्हणतात, या गोळ्यांची सवय लागते. बंद करू का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : इतक्यात नको. एसिटॅलोप्रॅमचा त्रास आधी होतो, गुण मागाहून येतो. म्हणूनच पुष्कळ जण पहिल्या पंधरवड्यात गोळी सोडून मोकळे होतात. मळमळ, डोकेदुखी बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते; नाश्त्यानंतर गोळी घेतली तर कमी जाणवते. मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ. मात्र या काळात जिवाची तगमग वाढली, एका जागी बसवेना किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पंचविशीच्या आतल्या रुग्णांना याबाबत जास्त जपावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. सवय लागते ती क्लोनाझेपामची, म्हणजे रात्रीच्या, बेचैनी कमी करणाऱ्या गोळीची. ती सुरुवातीचे काही आठवडे आधाराला देतात. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर आणत राहिलं की ती सुटता सुटत नाही. तिच्यावर दारू तर मुळीच नको, श्वास मंदावतो. एसिटॅलोप्रॅमचं तसं व्यसन लागत नाही. पण तीही एकदम तोडली तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. म्हणून डोस हळूहळू उतरवतात, आणि तोही बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवून. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : वय 64. रात्री नऊला आडवा होतो, तीनला जाग येते ती कायमची. दुपारी दोन तास झोपतो. झोपेची गोळी घ्यावी का? (एक निवृत्त वाचक, बेळगाव)

उत्तर : हिशेब करा : रात्रीचे सहा आणि दुपारचे दोन, म्हणजे आठ तास झाले. झोप कमी नाही, तिच्या वेळा चुकल्या आहेत. रात्री अकराच्या आत अंथरुणाला पाठ टेकू नका आणि झोप कशीही लागो, साडेपाचला उठा. दुपारी वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. दोननंतरचा चहा बंद, कारण त्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास जातात. मध्येच जाग आली तर घड्याळ पाहू नका; पडून कंटाळा आला की उठून मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा. पहिला आठवडा जड जाईल, तेव्हा गाडी चालवताना जपा. पहाटेच्या जागेसोबत उदासी, अन्नावरची वासना उडणं असं दोन आठवडे चाललं असेल, तर ती नैराश्याची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : भाचा बारावीत नापास झाल्यापासून गप्प आहे, आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकतोय. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं विचारलं तर नसतं डोक्यात भरवल्यासारखं होईल का? (एक मावशी, यवतमाळ)

उत्तर : होणार नाही. आजच विचारा, एकांतात आणि याच शब्दांत. ‘तसलं काही मनात नाही ना रे?’ असं विचारलंत की तो तुमच्यासाठी ‘नाही’ म्हणतो. ‘हो’ म्हणाला तर रडारड, शपथा, आईवडिलांचे दाखले नकोत. काय ठरवलं आहे, कधी, ते शांतपणे विचारा. त्याला एकटं सोडू नका. घरातली, गोठ्यातली फवारणीची औषधं आणि साठलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या घरी हलवा. असा झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. त्यांच्याशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

विष पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका : 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा होत नाही.