अनोळखी माणसाचं एक वाक्य

परक्या माणसाचं एखादं वाक्य काळजाला भिडलं म्हणून लगेच त्याला गुरू करू नकोस. वाक्य ठेव, माणसाला जाऊ दे. इ.स. ३८६ मध्ये मिलानमधल्या बागेत रडत असलेल्या ऑगस्टीनला (पुढे मोठा ख्रिस्ती संत झाला तो) शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज आला: ‘घे, वाच’. मुलगा की मुलगी, हेही त्याला कळलं नाही. त्या दोन शब्दांनी त्याचं मन ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलं. आणि बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा? तो थेट ३८७ मध्ये. मधले महिने लोक सोयीस्करपणे विसरतात.

तूही दमानं घे. ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरव, सुधारून नको. श्रद्धा बसली की नाही, हे तूर्त राहू दे. रांगेत मध्ये घुसणाऱ्यावर तू अजून तितकाच खेकसतोस का, एवढं बघ. खेकसत असलास, तर वही पुन्हा उघड.