निर्जळी उपवास, रात्रीची पदयात्रा आणि लिथियमची गोळी

प्रश्न : माझे वय ३४. भांडुपला राहते, नोकरी करते. गेली ६ वर्षे मला बायपोलर आजार (मन कधी उन्मादाच्या, म्हणजे अति उत्साहाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला जाण्याचा आजार) असून त्यावर मन स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध चालू आहे. अंथरुणातून उठवत नव्हते त्या दिवसांतही हातात जपमाळ होती आणि तिनेच मला सावरले. गोळ्यांची पट्टी मी देवघरात निरांजनाशेजारी ठेवते. मात्र ३ वर्षांपूर्वी मी सलग चार रात्री न झोपता जप केला आणि देवाने माझी निवड केली आहे, असे साऱ्या चाळीला सांगत सुटले. ती श्रद्धा होती की आजार? सासूबाई म्हणतात, श्रद्धा खरी असेल तर गोळ्या कशाला? आषाढीला निर्जळी उपवास करावा आणि सोमवारी रात्री चाळीतल्या मंडळींबरोबर सिद्धिविनायकाला चालत जावे, असाही त्यांचा आग्रह आहे.

उत्तर : त्या चार रात्रींतली भक्ती तुमचीच होती, तिला चढलेला वेग मात्र आजाराचा होता. उन्मादाच्या अवस्थेत मन हाताशी असलेलीच सामग्री उचलते. व्यापाऱ्याला त्या काळात कोट्यवधींचे सौदे दिसतात, तुम्हाला देव दिसला. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी शास्त्रार्थ नको, झोप पाहावी. जप करून तुम्ही वेळेवर निजत असाल तर काळजी नाही; झोप तीन-चार तासांवर आली, तरीही थकवा वाटेना आणि बोलणे आवरेना, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. याउलट, नैराश्यात नाम कोरडे वाटते, देवाने पाठ फिरवली असे वाटते. तोही आजाराचाच भाग आहे, तुमच्या भक्तीतली उणीव नव्हे.

निर्जळी उपवास मात्र तुम्ही करू नये, हे मी स्पष्टच सांगतो. लिथियम शरीरात मिठासारखेच वागते. पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंडे ते बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात आणि रक्तातले प्रमाण धोक्याच्या पातळीकडे जाते. हात जोरात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची लक्षणे असून ती दिसताच पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे. अळणी उपवासाचेही तेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, ताक आणि नेहमीइतके पाणी घेऊन उपवास करायला हरकत नसावी. तरी आधी डॉक्टरांना विचारा. रक्ताची तपासणी वेळेवर करा, तीही रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. उपवासाने डोके दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका, कारण तिनेही लिथियमची पातळी वाढते.

रात्रीच्या पदयात्रेलाही माझा नकार आहे, कारण एका रात्रीचे जागरणही उन्मादाला आमंत्रण ठरू शकते. मंगळवारी सकाळी लोकलने दादरला उतरून दर्शन घ्या. आषाढीला वडाळ्याचे विठ्ठल मंदिर आहेच.

सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि तुमच्या झोपेची वही त्यांच्याकडे सोपवा; ज्या घरात आग्रह आहे त्या घरात लक्षही असते, असा माझा अनुभव आहे. त्यांनी त्या चार रात्री पाहिल्या आहेत, तेव्हा पाचवी येऊ नये ही त्यांचीही इच्छा असणारच. गोळ्या देवघरातच राहू द्या, फक्त पट्टी निरांजनापासून हातभर लांब सरकवा. औषधांना उष्णता मानवत नाही.